पाच नंबरच्या खांद्यावर

मंगळवारी सकाळी मी पाच नंबरच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. शुक्रवार उजाडला. तरी त्या तीन दिवसांत माझ्या हातून एक धड काम झालं नव्हतं. दूध गॅसवर ठेवायचे आणि विसरायचे. मुलांच्या वह्या तपासायला घ्यायचे आणि एकाच पानावर दोनदा बरोबरची खूण करायचे. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कशाला उठले तेच कळायचं नाही.

आधी घडलं काय ते सांगते.

आमच्या इमारतीत खाली टेलरमास्तर राहतात. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. वरच्या मजल्यावर मी. चाळीस वर्षं चौथीचा वर्ग घेतला, आता घरीच संध्याकाळी चार-पाच मुलांना शिकवते. "खाली मास्तर, वर बाई, ही इमारत आहे की शाळा?" असं पोस्टमन दर आठवड्याला म्हणतो आणि दर आठवड्याला स्वतःच हसतो.

तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी साडेसहाला, मास्तर दुकानाचं शटर उघडत होते. कडाक्याची थंडी होती. कोपऱ्यावरून पार्सलची पांढरी गाडी जोरात वळली, मास्तरांना घासून गेली आणि ते शटरवर आदळले. उजवा हात मनगटाशी दोन ठिकाणी मोडला. मी खिडकी पुसत होते. गाडी थांबली, ड्रायव्हर उतरला, मास्तरांवर वाकला. मी वरून ओरडले, "अहो, थांबा!" त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तीन सेकंद, फार तर चार. मग तो गाडीत बसला आणि निघून गेला.

गाडीचा नंबर मी पाहिला नाही. जन्मभर मुलांना आकडे शिकवले आणि त्या दिवशी एक आकडा वाचता आला नाही. पण चेहरा पाहिला होता, आणि चेहरा म्हटला की गावात कुणीही माझंच नाव घेईल.

त्याचं कारण असं. शाळा सुरू झाली की पहिल्या दिवशी मी हजेरीपट बंद ठेवायचे. मुलं लिहायला बसली की बाकांमधून फिरायचे आणि वरून एकेकाचे कान पाहायचे. मुलांचे चेहरे बदलतात. दात पडतात, गाल बसतात, पुढे मिशा येतात. कानाची घडण मात्र बदलत नाही. संध्याकाळपर्यंत चाळीस मुलं मला पाठ झालेली असायची. म्हणून आजही रस्त्यात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ मला अडवतो, "ओळखलंत का, बाई?" आणि मी त्याच्या कानाकडे बघून सांगते, "दुसरा बाक, भिंतीकडून. गणिताच्या तासाला पोटात दुखायचं तुझ्या." मग तो गृहस्थ भर रस्त्यात लाजतो. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

त्यामुळे पोलिसांनी ओळख परेडला बोलावलं तेव्हा मी निर्धास्त गेले. लांबट खोली, पिवळा दिवा, भिंतीला पाठ लावून आठ पुरुष. सगळे चाळिशीच्या आसपास, सगळे मध्यम बांध्याचे, प्रत्येकाच्या छातीवर आकड्याचा कागद. "सावकाश, बाई," साहेब म्हणाले. "एकेकासमोर थांबा. तो दिसला तर खांद्यावर हात ठेवा. बोलायचं कुणीच नाही."

एक, दोन, तीन, चार. कोरे चेहरे. पाचव्यासमोर आले आणि डोक्यात लख्ख झालं. हा! हा मी पाहिलेला आहे. त्याच वेळी तो किंचित हसला, ओठ हलले. साहेब त्याच्यावर खेकसले, "गप!" मला वाटलं, निर्लज्ज आहे. मी हात ठेवला.

"खात्री?" साहेबांनी विचारलं.

"शंभर टक्के."

तो पार्सल कंपनीचाच ड्रायव्हर निघाला. पांढरी गाडी चालवणारा. मग काय, सगळ्यांचीच खात्री झाली. त्याला कोठडीत ठेवलं. कंपनीनं त्याच दुपारी कामावरून काढलं. "म्हणतो, रात्रपाळी करून घरी झोपलो होतो," साहेबांनी मला जाताना सांगितलं. "आता झोपेला साक्षीदार कुठून आणायचा? उद्या कोर्टाकडून कोठडी मागतो, शनिवारी पुन्हा उभा करतो."

खाली मास्तरांच्या बायकोनं, वहिनींनी, माझे दोन्ही हात धरले. "बाई, तुमचे डोळे म्हणजे डोळे!" मास्तर प्लास्टरमधला हात उचलून म्हणाले, "बाई, बरा झालो की पहिला ब्लाउज तुमचा. सध्या डाव्या हातानं कात्री धरतोय. काल पॅन्टचा एक पाय वीतभर आखूड झाला. गिऱ्हाईक म्हणालं, मास्तर, माझे दोन्ही पाय सारखे आहेत हो!"

आम्ही हसलो. मी वर आले आणि तेव्हापासून बसता येईना. नेमकं काय टोचतंय ते सापडत नव्हतं. तो हसला कशाला? पकडला गेलेला माणूस खाली बघतो, नजर चुकवतो. हा माझ्याकडे बघून हसला होता.

शुक्रवारी पाचला मुलं आली. चष्मिस, बडबडी, डॉक्टरांची नात आणि शेजारच्या गल्लीतले जुळे, ज्यांना मी सोडून सगळे एकमेकांच्या नावानं हाक मारतात. पुस्तकात इंग्रजी क्रियापद आलं होतं, ‘रेकग्नाइझ’. मी फळ्यावर लिहिलं आणि खडू हातातच ठेवून उभी राहिले.

"बाई, पुढे?" चष्मिस म्हणाली. "रेकग्नाइझ म्हणजे ओळखणं ना? मग के-एन-ओ-डब्ल्यू ‘नो’ म्हणजेही ओळखणंच. दोन दोन शब्द कशाला?"

"‘नो’ म्हणजे ओळख असणं. तुझी आई तुला रोजच माहीत असते, ते ‘नो’. पण गर्दीत एक पाठमोरी बाई दिसली आणि तू म्हणालीस, ही माझी आई, तर ते रेकग्नाइझ. आधी पाहिलेलं पुन्हा समोर आलं आणि डोक्यात दिवा लागला."

"आणि ती दुसऱ्याचीच आई निघाली तर?" बडबडी म्हणाली. "मी एकदा बाजारात एका बाईंचा हात धरून दोन दुकानं चालले होते! त्यांनी मला शेंगदाणेसुद्धा दिले!"

"तर ती फजिती. ती पुस्तकात नाही."

पुढची वाक्यं घेतली. शाळेनं तिचं काम रेकग्नाइझ केलं, म्हणजे दखल घेतली, मान दिला. त्यानं आपली चूक रेकग्नाइझ केली.

"चूक दिसली की तिला हाय म्हणायचं?" डॉक्टरांच्या नातीनं विचारलं.

"हाय नाही म्हणायचं. ही माझीच आहे, असं म्हणायचं."

"आमच्या घरी असं कुणीच म्हणत नाही," एक जुळा म्हणाला.

मग मी ‘बाय’, म्हणजे ‘-वरून’, घेऊन वाक्यं करायला सांगितली. कशावरून ओळखलं? चालण्यावरून, शिंकेवरून, दादाला मोज्यांवरून. हसून हसून पुरेवाट झाली. तेवढ्यात बडबडीनं बोट वर केलं. "बाई, तुम्ही त्या ड्रायव्हरला कशावरून ओळखलं? बाय हिज काय?"

"बाय हिज इअर," मी तत्क्षणी म्हणाले. "डावा कान. वरची कड आत मुडपलेली, पानाचा कोपरा दुमडावा तशी."

"बाई, आपण करून बघू या! नाटक! प्लीज, बाई!"

एरवी मी धडा अर्धा टाकू दिला नसता. पण त्या दिवशी शिकवण्याचं त्राणच नव्हतं. "करा," म्हटलं. चष्मिस मास्तर झाली आणि कपाटाच्या दाराशी उभी राहिली. जुळे मिळून गाडी झाले आणि पुढचं चाक कोण यावरून भांडले. डॉक्टरांची नात खिडकीतली मी. बडबडी ड्रायव्हर.

"ड्रायव्हरनं काय घातलं होतं, बाई?"

"काळी लोकरीची टोपी." हे मी गल्लीत सगळ्यांना शंभरदा सांगितलं होतं.

तिनं खुंटीवरची माझी टोपी काढली आणि खाली ओढून घातली. गाडी आली, मास्तर जोरदार पडले, नको इतके विव्हळले. ड्रायव्हर वाकला. डॉक्टरांची नात स्टुलावरून माझ्या आवाजात ओरडली, "अहो, थांबा!" बडबडीनं मान वर केली.

नात तिच्याकडे बघत राहिली. "मी ओळखू कशी? हिचे कान कुठायत? टोपी वर कर ना गं."

"अजिबात नाही! बाई म्हणाल्या होत्या, भुवयांपर्यंत होती. भुवयांपर्यंत ओढली की कान आपोआप झाकतात. घालून बघ!"

"पण बाईंनी कानावरून ओळखलं. म्हणजे कान दिसत होता. हो ना, बाई?"

पाची जणं माझ्याकडे बघायला लागली.

मी डोळे मिटले आणि ती सकाळ पुन्हा पाहायचा प्रयत्न केला. त्याची टोपी वाकताना सरकली असेल, असं स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. नाही सरकली. टोपीखाली एक थंडीनं लाल झालेलं नाक होतं, उघडं तोंड होतं, वाढलेली दाढी होती. कान नव्हता. कान मी त्या सकाळी पाहिलाच नव्हता.

मग कुठे पाहिला?

आणि मग तो दिसला. वरून दिसला, पण खिडकीतून नाही. तिसरा बाक, पाण्याच्या पिंपाजवळ. वहीवर वाकलेलं एक डोकं, आणि मुडपलेल्या कडेचा डावा कान. तीसएक वर्षं झाली असतील. वर्षाच्या मध्येच आला होता, चार महिन्यांत वडिलांची बदली झाली आणि गेला. पाच नंबरचा माणूस माझ्या वर्गातला होता. मी त्याला बरोबर ओळखलं होतं. फक्त रस्त्यावरचा म्हणून सांगितलं होतं.

तो हसला होता, कारण बाई दिसल्या होत्या.

"पोरांनो, वह्या मिटा," मी म्हणाले. "मला आत्ता जायचंय."

"नाटक चुकलं का, बाई?"

"नाही गं. एकदम बरोबर झालं."

पोलीस ठाण्यातले साहेब सहाला निघतात. साडेपाच वाजले होते. चपला घालताना डावी-उजवी उलट झाली, तशीच जिना उतरले. खाली वहिनी पायरीवर बसून बटणं लावत होत्या. मास्तरांचं काम आता त्यांच्या अंगावर आलं होतं.

"एवढ्या घाईनं कुठे, बाई?"

खोटं बोलता आलं असतं. औषध आणायला, असं जिभेवर आलंही होतं. "ठाण्यात," मी म्हणाले. "माझं चुकलं, वहिनी. मी दाखवलेला माणूस मी त्या सकाळी पाहिलेला नाही. तो माझा जुना विद्यार्थी आहे. तोंडवळा ओळखीचा वाटला आणि मी हात ठेवला."

त्यांची सुई थांबली. "विद्यार्थी आहे म्हणून आता सोडवायला निघालात?"

"नाही. विद्यार्थी असूनही त्यानं केलं असतं तर मीच सांगितलं असतं."

"म्हणजे माझ्या नवऱ्याचा हात कुणी मोडलाच नाही," वहिनी म्हणाल्या. "आपोआप मोडला. बरं."

मी उभी राहिले असते तर पाय तिथेच रुतले असते, म्हणून निघाले.

साहेब टेबलाची किल्ली फिरवत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले. "बाई, मंगळवारी शंभर टक्के आणि शुक्रवारी शून्य? शाळेत असेच मार्क देत होतात?"

"मंगळवारी पेपर न वाचताच मार्क दिले. माझा पहिला जबाब काढा, साहेब. अपघाताच्या दिवशीचा."

कुरकुरत त्यांनी फाईल काढली, बोट फिरवलं आणि वाचलं, "‘काळी लोकरीची टोपी, भुवया व कान पूर्ण झाकलेले.’" त्यांनी फाईल माझ्याकडे वळवली. "तुमचंच वाक्य आहे."

"सहीसुद्धा माझीच आहे. आणि मंगळवारी मी त्याला कानावरून दाखवला."

"पण बाई, समजा तोच असेल तर? कान दिसला नाही म्हणून माणूस तो नव्हता, असं थोडंच आहे?"

"असेलही. नसेलही. मला माहीत नाही. मी मात्र माहीत आहे असं सांगितलं."

त्यांनी पेन टेबलावर आपटलं. "हे लिहून घेतलं तर पुढे खरा सापडला तरी तुमची साक्ष कुणी विचारणार नाही. ‘याच त्या बाई’ म्हणतील. मास्तरांच्या केसमध्ये दुसरं कुणी पाहिलेलंच नाही. कळतंय का?"

हे मला कळत नव्हतं असं नाही. ठाण्यापर्यंतच्या वाटेवर दुसरं काही डोक्यात नव्हतं. मास्तरांचा आखूड झालेला पॅन्टचा पाय डोळ्यांसमोर येत होता. परत फिरावं, अजून एक दिवस विचार करावा, असं दर दिव्याच्या खांबापाशी वाटलं होतं.

"लिहून घ्या," मी म्हणाले.

एक पान लिहायला पाऊण तास लागला. दोन शब्दांचं शुद्धलेखन मी न राहवून सुधारलं. साहेब म्हणाले, "बाई, आता बस!" सही केली. त्यांनी दोन फोन केले, शिपायाला हाक मारली, आणि थोड्या वेळानं तो आला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. माझ्याकडे पाहिलं. या वेळी हसला नाही.

"तू चौथीत होतास माझ्याकडे," मी म्हणाले. "पिंपाजवळच्या बाकावर. मी तुला तिथे पाहिलेलं. रस्त्यावर नाही. तसं मी लिहून दिलंय."

"नाव सांगा माझं."

मी पुष्कळ शोधलं. कान होता, वाकलेली मान होती, पिंपातून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाजही होता. "आठवत नाही," मी म्हणाले.

"मला तुमचं सगळं आठवतं. खडू मोडला तर दोन्ही तुकडे पर्समध्ये ठेवायचात." त्याचा आवाज चढला. "तुम्ही रांगेसमोर आलात ना, तेव्हा मनात म्हटलं, सुटलो! बाई सांगतील, हा असं करणार नाही. आणि तुम्ही खांद्यावर हात ठेवलात. मला वाटलं शाबासकी देताय. मग साहेबांनी बेड्या घातल्या."

माफ कर, म्हणाले. ते दोन शब्द तिथे फारच तोकडे होते, हे मलाही दिसत होतं.

"आता जाशील कुठे?"

"घरी. कामावर घेतील असं वाटत नाही. पोलीस घेऊन गेलेत हे सगळ्या डेपोनं पाहिलंय. सुटून आलेला माणूस आणि न केलेला माणूस, यात लोकांना फरक वाटत नाही, बाई."

"डेपो किती वाजता उघडतो?"

"तुम्ही कशाला?"

"किती वाजता, ते सांग."

त्यानं चुरगळलेला शर्ट सारखा केला. "सातला," म्हणाला, आणि निघून गेला.

घरी आले तेव्हा खालचं दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली. मास्तरांनी उघडलं. वहिनी आत पाठ करून उभ्या होत्या. मी त्यांनाही सगळं पुन्हा सांगितलं, सही केल्याचंही सांगितलं. मास्तर प्लास्टरकडे बघत म्हणाले, "बाई, कापड चुकीचं कापलं की जोडता येत नाही. पण शिवायच्या आधी लक्षात आलं, तर निदान गिऱ्हाइकाला सांगता येतं." एवढं बोलून त्यांनी दार लावलं, सावकाश, पण लावलं. वहिनी वळल्या नाहीत. पुढेही किती दिवस वळणार नाहीत, सांगता येत नाही.

शनिवारी सातला मी डेपोच्या फाटकाशी होते. तो रस्त्याच्या पलीकडे उभा होता, दोन्ही हात खिशात. आत यायला तयार नव्हता. मी त्याला आग्रह केला नाही. आवारात पांढऱ्या गाड्यांची रांग होती, अकरा मोजल्या, सगळ्या एकसारख्या. ड्रायव्हर चहा घेत उभे होते.

व्यवस्थापक काचेच्या खोलीत होता. मी ठाण्यातल्या माझ्या नव्या जबाबाची प्रत त्याच्यासमोर ठेवली. त्यानं वाचली, परत वाचली. "आमचं नाव खराब व्हायला नको म्हणून काढलं होतं," तो म्हणाला. "बघू. वरच्या साहेबांना विचारतो. आपण त्याच्या कोण?"

"मंगळवारी त्याला चुकीचा दाखवणारी बाई, ती मी."

त्यानं मान वर केली आणि घाईघाईनं खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना, बसा."

"बसत नाही. हे जे मी तुम्हाला सांगितलं, ते बाहेर त्या सगळ्यांसमोर सांगायचंय. चहा संपायच्या आत. तुम्ही या माझ्याबरोबर."

तो नाइलाजानं उठला. आम्ही आवारात आलो. ड्रायव्हर कप हातात घेऊन वळले. चाळीस वर्षं वर्गासमोर उभी राहिलेली मी, पण असा वर्ग पहिलाच. फाटकाबाहेर तो अजून तिथेच होता. मी त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायला सुरुवात केली.